परबताईंची यादी

परबताई सकाळी कामावर आल्या की आधी संगणकाला हात लावत नसत. पर्स खुर्चीला अडकवून त्या थेट खाली गोदामात जात, तीन नंबरच्या थंड खोलीसमोर उभ्या राहत, दारातल्या छोट्या काचेवर साचलेलं धुकं रुमालाने पुसत आणि आत भिंतीवर टांगलेला तापमापक वाचत. मग तो आकडा बॉलपेनने तळहातावर लिहून जिना चढत वर येत. वर त्यांच्याच प्रोग्रॅमने बनवलेला तक्ता तोवर तयार असे. आठही खोल्यांतल्या यंत्रांनी नोंदवलेलं तापमान त्यात नीट मांडलेलं असे. तळहातावरचा आकडा आणि तक्त्यातला आकडा जुळला की त्या हात धुवायला जात, आणि मगच चहा.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं होतं, "मॅडम, तक्ता तुम्हीच बनवलाय ना? मग रोज खाली कशाला जाता?"

"मीच बनवलाय म्हणून जाते," त्या म्हणाल्या. "आणि मॅडम कोण गो? मला सगळे परबताई म्हणतात. गेटवरचा वॉचमनसुद्धा."

शिवडीला औषधं साठवणाऱ्या एका कंपनीत मी नोकरीला लागले होते. खाली थंड खोल्या, त्यात इन्सुलिन आणि लहान मुलांच्या लसी. वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. मी मेहकरची. वडिलांचं एसटी स्टँडसमोर सायकल दुरुस्तीचं दुकान. शाळा जिल्हा परिषदेची, कॉलेज तालुक्याचं. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. संख्याशास्त्र घेऊन बीएस्सी केली आणि पायथन शिकले. पायथन म्हणजे संगणकाला काम कसं करायचं ते लिहून देण्याची एक भाषा. त्या भाषेत काम करताना वेगवेगळी तयार पॅकेजं लागतात. एखादं तारखा वाचतं, एखादं आलेख काढतं. कॉलेजच्या संगणकावर ती हवी तशी घालता यायची. इथे पहिल्याच दिवशी मी एक पॅकेज घालायला गेले, तर पडद्यावर चौकट आली: ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड द्या.

मी आयटी विभागातल्या गावडेंकडे गेले. "सर, पासवर्ड मिळेल का?"

गावडेंनी चष्मा वर सरकवला. "पासवर्ड पाहिजे? खुर्ची पण घेऊन जा ना माझी. घरी फोन करून सांगतो, आजपासून सायलीबाई येतील जेवायला."

मी रडवेली होऊन जागेवर आले. सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर घेतलेली मुलगी मी. काम करायला हत्यार नाही आणि मागितलं तर थट्टा. पलीकडच्या टेबलावरून परबताई हे सगळं बघत होत्या.

"कशाला हवेत तुला सगळ्या संगणकाचे अधिकार?" त्यांनी विचारलं. "लालबागच्या चाळीत जन्म गेला माझा. भिंत मालकाची, जिना सगळ्यांचा, नळ सगळ्यांचा. आपली फक्त दहा बाय बाराची खोली. त्या खोलीत आम्ही नऊ जण वाढलो, दोन लग्नं लावली, गणपती बसवला. मालकाला विचारायला कोण गेलं नाय. तुझ्या नावाचा फोल्डर आहे ना या संगणकात? तीच तुझी खोली. तिथे घाल काय घालायचं ते."

मग त्यांनी खुर्ची ओढली आणि मला दाखवलं. पायथन फक्त आपल्या नावापुरतं बसवता येतं, त्याला कोणाचा पासवर्ड लागत नाही. आणि तशी लेखी परवानगी परबताईंनी गावडेंकडून आधीच काढून ठेवली होती. ते पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी ड्रॉवरमध्ये जपलं होतं. नियमाला वळसा घालून केलेलं काम त्यांना चालत नसे. नियमात किती जागा आहे ते मात्र त्या पट्टीने मोजल्यासारखं मोजत.

त्या पुढे म्हणाल्या, "आता प्रत्येक कामाला वेगळा डबा करायचा." पुस्तकं त्याला एन्व्हायर्नमेंट म्हणतात, परबताई डबा म्हणत. प्रत्येक डब्यात त्या कामापुरती पॅकेजं, आणि एका डब्याचा दुसऱ्याला स्पर्श नाही. त्यांच्या डब्यांची नावं सकाळ, दुपार, महिनाअखेर अशी होती. डबा सुरू करायची आज्ञा मी दिली, तर संगणकाने तीही अडवली. कंपनीच्या नियमात तसल्या आज्ञा चालत नव्हत्या. मी परत हताश.

"दाराला कुलूप आहे ना? मग दाराला हात लावूच नको," परबताई म्हणाल्या. "डब्यात पायथन बसलेलं आहे. त्याचा पूर्ण पत्ता लिही आणि त्यालाच थेट हाक मार." लिहिला. चाललं. कुठलाही नियम न मोडता चाललं. तो आनंद मी संध्याकाळी हॉस्टेलवर आईला फोनवर सांगायचा प्रयत्न केला. आई म्हणाली, "बरं झालं, डबा मिळाला ना. जेवायचे हाल नकोत."

परबताईंचं शिक्षण बारावीपर्यंत. गोदामात त्या आवक-जावक लिहायला लागल्या, मग टायपिंग, मग संगणकावर आकडे भरणं. एक्कावन्नाव्या वर्षी मोबाइलवरचे व्हिडिओ बघून पायथन शिकल्या. त्यांची वही मराठीत होती. "गोल फिरून परत वर जाणे", "चुकलं तर कुठे चुकलं ते छापणे" अशा नोंदी त्यात असत. कोणी कौतुक केलं की म्हणत, "त्यात काय? स्वयंपाकाची कृती लिहायची तशीच लिहायची. फक्त संगणक बिनडोक. त्याला 'चवीनुसार' कळत नाही."

मे महिन्यात माझी पहिली फजिती झाली. एका कामासाठी मला हुबेहूब परबताईंसारखा डबा हवा होता. मी हुशारी केली. त्यांचा आख्खा डबा त्यांच्या संगणकावरून उचलून माझ्या फोल्डरमध्ये आणून ठेवला. दिसायला सगळं तसंच, पण चालेना. परबताई हसून हसून लाल झाल्या. "अगो, त्या डब्याला पत्ता माझ्या घरचा पाठ. तुझ्या घरी आला तरी तो माझंच दार शोधत बसणार! रविवारी ये माझ्याकडे. मसाला करायचाय. येताना रिकामी पिशवी आण."

रविवारी दादरच्या हॉस्टेलवरून मी लालबागला गेले. पावसाळ्याआधी वर्षाचा मसाला करून ठेवायची तिथली पद्धत मला माहीत नव्हती. मसाल्याच्या दुकानात मिरच्यांचे ढीग होते आणि समोर बायकांची गर्दी. प्रत्येकीच्या हातात यादी. परबताईंची यादी त्यांच्या सासूच्या हातची होती, घडीवर फाटलेली, मागून चिकटपट्टी लावलेली. बेडगी किती, संकेश्वरी किती, धणे, दगडफूल, त्रिफळ, नागकेशर, सगळं वजनासकट. सामान घ्यायच्या आधी त्यांनी ती दुकानातच मोठ्याने वाचली, अगदी पहिल्या ओळीपासून.

"ताई, पाठ नाही का तुम्हाला?"

"पाठ आहे म्हणूनच वाचते. पाठ असलेलंच माणूस गाळतं."

मग सामान तिथेच भाजून घेऊन आम्ही मसाला कुटायच्या डंकावर गेलो. तिथे लोखंडी मुसळं धाडधाड वरखाली होत होती. आधीच्या बाईचा मसाला निघाला तशा परबताई पुढे झाल्या आणि डंकवाल्याला म्हणाल्या, "पूस आधी. नीट पूस. त्यांचा घाटी मसाला, माझा मालवणी." ती आधीची बाई फणकारली, "आमच्या मसाल्याने काय तुमचा बाटतो का हो?" परबताई म्हणाल्या, "बाटत नाय हो वहिनी, बिघडतो. माझ्यामुळे तुमचा पण बिघडेल." मग दोघीही हसल्या आणि आपापल्या डब्याशेजारी बसल्या. मसाला कुटून होईपर्यंत एकही बाई आपल्या डब्याजवळून हलत नव्हती.

डोळ्यांतून पाणी वाहत असताना परबताई मला समजावत होत्या. "माझी नणंद सुरतेला असते. तिला हाच मसाला हवा असतो. मी काय डबा पाठवते? नाय. यादी पाठवते. ती तिकडे सामान घेते, तिकडेच कुटते. तुझ्या पायथनचं पण तसंच. डब्यात काय काय आहे, कुठल्या नंबरचं आहे, ती यादी संगणक एका आज्ञेत काढून देतो. ती यादी घे आणि तुझ्या खोलीत नवीन डबा भर. यादी न्यायची, डबा नाय."

पॅकेजांचे नंबर म्हणजे त्यांच्या आवृत्त्या. एकाच पॅकेजची जुनी आवृत्ती एक वागते आणि नवी दुसरंच काहीतरी वागते, म्हणून यादीत नावापुढे नंबर. हे सगळं मला त्या दिवशी पटलं. येताना पाव किलो मसाला पिशवीत मिळाला. पटलेलं हातात उतरायला मात्र वेळ लागला, आणि त्याची शिक्षा तीन नंबरच्या खोलीला झाली असती.

ऑगस्टचा पहिला आठवडा होता. आमचे व्यवस्थापक वर्तक साहेब सहा तारखेला माझ्या प्रोबेशनबद्दल बोलणार होते. त्यांना एक देखणा आलेख दाखवायचा असं मी मनाशी ठरवलं होतं. त्यासाठी लागणारं पॅकेज माझ्या संगणकावर उतरेना, कंपनीच्या नेटवर्कने अडवलं. गावडे म्हणाले, "अर्ज टाका, दोन दिवसांत परवानगी येईल." माझ्याकडे दोन दिवस नव्हते. ऑफिसच्या कोपऱ्यात एक सामायिक संगणक होता. सकाळचा तक्ता तिथेच तयार व्हायचा, आणि त्याला नेटवर्कची आडकाठी नव्हती. पाच तारखेला संध्याकाळी मी तिथे बसले. 'सकाळ' नावाचा डबा समोर तयार होता. मी त्यात माझं पॅकेज घातलं. त्याने स्वतःसोबत आणखी एक पॅकेज आपोआप नव्या आवृत्तीवर नेलं. पडद्यावर तशी ओळ आलीही होती. मी ती वाचली नाही. आलेख छान आला.

दुसऱ्या दिवशी परबताई नेहमीसारख्या खाली गेल्या आणि वर आल्या त्या जवळजवळ धावत. तळहात पुढे धरून म्हणाल्या, "तक्ता म्हणतो चार. भिंत म्हणते नऊ. दोघांपैकी एक खोटं बोलतंय, आणि भिंतीला खोटं बोलायचं काही कारण नाय."

तीन नंबरमध्ये लसी होत्या. त्यांना आठ अंशांच्या वर ठेवायचं नसतं. त्या खोलीची धोक्याची घंटा आठवडाभर बंद होती, दुरुस्तीवाला यायचा होता. तोवर सगळी भिस्त तक्त्यावर. तक्ता ठीक म्हणाला की नऊ वाजता गाड्या भरायच्या.

गाड्या थांबवल्या. हमाल, वॉचमन, गावडे, मी, सगळे खोकी उचलून पाच नंबरच्या खोलीत नेत होतो. थंडीने बोटं बधिर झाली होती आणि मला घाम फुटला होता. कारण मला कळायला लागलं होतं.

खोली रिकामी झाल्यावर परबताई सामायिक संगणकासमोर बसल्या. डब्यात आत्ता काय आहे ते त्यांनी छापून घेतलं, आपली यादी शेजारी धरली आणि एकेका ओळीवर बोट ठेवत गेल्या. एका ओळीवर बोट थांबलं. तारखा वाचणारं पॅकेज. परबताईंनी ते मुद्दाम जुन्या आवृत्तीवर ठेवलं होतं. ते आधी दिवस आणि मग महिना वाचायचं, आमच्या यंत्रांच्या नोंदी लिहिलेल्या असतात तसं. नवी आवृत्ती आधी महिना वाचत होती. सहा ऑगस्टचा तिने आठ जून केला होता आणि आठ जूनचा सहा ऑगस्ट. त्या सकाळी तक्ता आम्हाला जूनमधलं तापमान आजचं म्हणून दाखवत होता.

"सकाळच्या डब्यात कोणी हात घातला?" त्यांनी विचारलं. आवाज चढला नव्हता.

खोलीत सहा माणसं होती. माझ्या डोळ्यांसमोर वडिलांचं दुकान आलं. मुंबईला नोकरी लागली म्हणून त्यांनी समोरच्या हॉटेलातून सगळ्या स्टँडला चहा पाजला होता. मी गप्प राहिले असते तर कोणाला कळलंही नसतं. संगणक सामायिक, लॉगिन सामायिक.

"ताई, मी."

"काय घातलंस?"

"आलेखाचं पॅकेज. दुसरं आपोआप बदललं. मी बघितलं नाही."

"माझ्या डब्यात का?"

"माझ्यात उतरत नव्हतं. आज साहेबांना दाखवायचं होतं."

त्यांनी हातातली यादी खाली ठेवली. म्हणाल्या, "नाश्ता केलायस?"

"नाही."

"कर. मग लिहायला बस."

त्याआधी मात्र त्यांनी मला त्या संगणकासमोर बसवलं. मी ते पॅकेज काढून जुनं घालू लागले, तर हात धरला. "डबा घासत बसू नको. फेकून दे. यादी आहे ना? नवीन भर." मी पूर्ण डबा पुसला आणि यादीवरून नवा भरला. दहा मिनिटं लागली. तक्ता परत काढला, तीन नंबरसमोर खरा आकडा आला. सकाळी सव्वासहाला खोलीने आठ ओलांडले होते हेही त्यात दिसलं. दोन तासांच्या आत आम्ही माल हलवला होता. दाराजवळची काही खोकी बाजूला काढून लस बनवणाऱ्या कंपनीकडे परत पाठवावी लागली. बाकीच्या लसी सुरक्षित आहेत असं त्यांच्या तज्ज्ञांनी संध्याकाळी कळवलं.

मग मी लिहिलं. काय घडलं, कोणी केलं, कसं सापडलं. माझं नाव पहिल्या वाक्यात लिहिलं. परबताईंनी कागद वाचला आणि खाली स्वतःच्या हाताने भर घातली: 'हा डबा सामायिक लॉगिनवर कोणालाही बदलता येईल असा मी ठेवला होता. ती चूक माझी.' मी म्हटलं, "ताई, तुमचं नाव कशाला?" त्या म्हणाल्या, "डंकावर मी माझ्या डब्याशेजारी बसते की नाय? इथे नाय बसले. लिहिलंय ते खरं आहे, राहू दे."

वर्तक साहेबांनी कागद दोनदा वाचला. "परब, हिला ठेवायची का?" माझ्यासमोरच विचारलं.

"ठेवा," परबताई म्हणाल्या. "चुकणारी आणखी मिळतील. सहा जणांत हात वर करणारी एवढीच मिळाली."

माझं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं, पण नोकरी राहिली. देखणा आलेख मी कोणालाच दाखवला नाही. पुढच्या आठवड्यात परबताई गावडेंच्या मागे लागून लागून दोन गोष्टी करून घेऊन आल्या. 'सकाळ'च्या डब्याला वेगळं लॉगिन मिळालं, आणि पॅकेजच्या अर्जाला त्याच दिवशी उत्तर द्यायचं असं ठरलं. "पोरींनी आडवाट का धरली ते पण बघायला हवं ना," त्या गावडेंना सुनावत होत्या. गावडे म्हणाले, "घ्या, माझी खुर्ची आता तुम्हीच घ्या."

दोन वर्षांनी परबताई निवृत्त झाल्या. भाषण करू दिलं नाही त्यांनी कोणाला. शेवटच्या सकाळी मला खाली घेऊन गेल्या, काच पुसली आणि बॉलपेन माझ्या हातात दिलं. "तुझ्या हातावर लिही. उद्यापासून तू यायचंस." तेव्हापासून मी जाते. नवीन मुलं विचारतात, तक्ता असताना खाली कशाला? मी ताईंचंच उत्तर देते.

गेल्या महिन्यात ऑफिसात नवे संगणक आले. जुने सगळे पुसून परत गेले. गावडे माझ्या टेबलाशी आले. आता ते बरेच मऊ झालेत. म्हणाले, "सायली मॅडम, सकाळचा तक्ता उद्या हवा ना? माझ्या पासवर्डने सगळं घालून देऊ का? दोन मिनिटांचं काम."

एके काळी या वाक्यासाठी मी काय वाटेल ते केलं असतं. मी म्हटलं, "नको सर. माझ्या खोलीत मावतं सगळं."

यादी सर्व्हरवर जपून ठेवलेली होती. इतकी वर्षं ती मी संगणकाला नुसती देत आले होते, उघडून वाचायची वेळ आली नव्हती. त्या दिवशी आधी मोठ्याने वाचायची ठरवली, पहिल्या ओळीपासून. तारखांच्या पॅकेजाशी आले आणि थांबले. त्याच्या वर परबताईंनी एक शेरा लिहून ठेवला होता, इंग्रजी अक्षरांत, मराठीत. संगणक असे शेरे वाचत नाही, ते माणसांसाठी असतात. 'पुढचा नंबर बदलू नये. का ते सायलीला विचारा. तिला पक्कं माहीत आहे.'

आमच्या घराण्यात कधी कोणाला कोणी काही विचारायला आलं नव्हतं. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या चुकीवर या बाईने माझ्या नावाची पाटी लावून ठेवली होती, आणि ती पाटी जाणकाराची होती. पुढच्या ओळी मला जरा वेळाने वाचता आल्या.

दुसऱ्या दिवशी तक्ता वेळेवर आला. मी लालबागला फोन लावला. मागे टीव्ही मोठ्याने चालू होता. "ताई, नवे संगणक आले. सकाळचा डबा मी यादीवरून भरला. पासवर्ड नाही लागला. आणि यादीतलं ते वाचलं मी. ताई, तुम्ही..."

"ता सगळा नंतर सांग गो," त्या मला तोडत म्हणाल्या. "तीन नंबर किती?"

मी तळहात बघितला. "चार पूर्णांक दोन."

"आणि तक्त्यात?"

"चार पूर्णांक दोन."

"मग चहा घे," परबताई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.